काडेपेटीएवढी टाकी

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात एक न्यायालय बसते. माळ्यावरची एकेक वस्तू खाली येते. सौ. स्टुलावर बसून निकाल देते आणि मी त्या वस्तूचा वकील म्हणून खाली उभा असतो. अलीकडे मी बहुतेक खटले हरतो. तुटका ग्रामोफोन गेला, सायकलचा डायनामो गेला, माझ्या गणिताच्या वह्या गेल्या. ‘पुढे कधी लागेल’ हा माझा एकमेव मुद्दा, आणि ऐंशीला टेकलेल्या माणसाच्या तोंडी तो फारसा टिकत नाही.

यंदा बिस्किटांच्या एका गंजक्या डब्यातून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एक पत्र्याची वस्तू निघाली. आकाराने काडेपेटीएवढी, पण एका बाजूस निमुळती होत गेलेली. तिला तीन बारीक पितळी नळ्या. सौ.ने ती उचलली, हलवून पाहिली आणि विचारले, “हे मोडीत द्यायचं ना?”

“नाही,” मी म्हणालो. आवाज जरा चढला असावा, कारण दिवाळीच्या सुटीत आलेला आमचा बारा वर्षांचा नातू हातातला खेळ टाकून जवळ आला.

“काय आहे हे, आजोबा?”

“टाकी.”

“कशाची?”

“विमानाची.”

नातू हसला. त्याच्याकडे चार पंख्यांचे बॅटरीवर उडणारे यंत्र आहे. ते जागच्या जागी वर चढते, हवेत थांबते, फोटो काढते आणि पुन्हा तळहातावर येऊन बसते. त्याला टाकी नाही, तेल नाही, वासही नाही. आजोबांच्या विमानाला पत्र्याची टाकी होती आणि त्यात रॉकेल घालावे लागे, हे ऐकून त्याला आमची विमाने बैलगाडीच्या काळातली वाटली असावीत. मी त्याला खाली बसवले, आणि न्यायालय अर्ध्या दिवसापुरते तहकूब झाले.

ज्यांनी ती विमाने पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. नमुना-विमानाचे डिझेल इंजिन मुठीत मावते. त्याला ठिणगी पाडणारा प्लग नसतो, बॅटरी नसते. बोटाने पंखा मागे फिरवून सोडायचा. सिलिंडरमध्ये दट्ट्या वर जातो, आतली हवा आणि इंधनाची वाफ दाबली जाते, दाबल्यामुळे तापते आणि तापल्यामुळे पेटते. दाब कमीजास्त करायला माथ्यावर एक स्क्रू असतो. इंधनात साधारणपणे तीन वस्तू सारख्या वाट्याने घालायच्या: पेटायला ईथर, जळायला रॉकेल आणि वंगणाला एरंडेल. इंग्लंडात १९४६ साली निघालेली ‘मिल्स’ नावाची १.३ सी. सी.ची छोटी डिझेल इंजिने फार नावाजली. पुढे कलकत्त्यातही त्या नमुन्याची इंजिने होऊ लागली. माझे इंजिन त्याच वंशातले.

१९६३ साली मी पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि एन. सी. सी.च्या हवाई विभागात होतो. खऱ्या विमानात बसण्याची संधी कधी मिळेल हे देवाला ठाऊक, पण नमुना-विमाने करायला तिथे शिकवत. आमची विमाने दोरीची. विमानाच्या डाव्या पंखातून दोन बारीक तारा निघत, त्या चाळीस फूट लांब असत आणि त्यांची मूठ आपल्या हातात असे. आपण मधोमध उभे राहून गरगर फिरायचे, विमान आपल्याभोवती रिंगण धरते. मूठ वर कलली की विमान वर जाते, खाली कलली की खाली येते. ताशी पन्नास मैलांच्या आसपास वेग, साडेतीन सेकंदांत एक फेरी. दहा फेऱ्यांनंतर कॉलेजची इमारत फिरू लागते, वीस फेऱ्यांनंतर आपण कोण हे विसरायला होते.

इंजिन घेण्यासाठी मी दोन उन्हाळे शिकवण्या केल्या. लाकूड, कागद, डोप, सगळे जमवले. एरंडेलासाठी आईकडे गेलो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते पुढे माझ्या पदवीच्या दिवशीही दिसले नाही. मुलगा आपणहून एरंडेल मागतो आहे! ते कुठे जाते हे कळल्यावर मात्र बाटली कुलपात गेली. ईथर औषधाच्या दुकानातून आणावे लागे. दुकानदार आमच्या शिक्षकांची चिठ्ठी दोनदा वाची आणि एकदा माझ्याकडे पाही.

या सगळ्यात टाकीचा विचार कोणी केला नव्हता. आमच्या वयाच्या प्रत्येक पोराचे तसेच होते. इंजिन म्हणजे शौर्य, पंख म्हणजे सौंदर्य. टाकी म्हणजे काय, एक डबी. कुठेतरी ठोकून द्यायची. माझी पहिली टाकी म्हणजे इंजेक्शनची रिकामी बाटली होती. तिच्या रबरी बुचातून दोन नळ्या घातल्या आणि इंजिनापर्यंत सायकलची वॉलट्यूब जोडली. ईथर आणि रॉकेल यांना रबर फार आवडते. दुसऱ्या दिवशी बूच गुलाबजामासारखे फुगले होते आणि वॉलट्यूब मऊ पडून आतल्या आत मिटली होती. इंजिन चार ठसके देऊन थांबले.

दुसरी टाकी मी बोहरी आळीजवळच्या एका पत्रेवाल्याकडून करवून घेतली. चौकोनी, देखणी, चकचकीत. तळाशी मध्यावर इंधनाची नळी, वर भरायची आणि हवेची अशा दोन नळ्या. त्या टाकीने माझा पूर्ण मे महिना खाल्ला. विमान उडायचे, सुरेख उडायचे आणि विसाव्या-एकविसाव्या फेरीला इंजिन एकदम किंचाळून बंद पडायचे. विमान खाली घेऊन पाहावे तो टाकीत निम्मे इंधन शिल्लक! सुई फिरवून पाहिली, दाब बदलून पाहिला, पंखा बदलला. जमिनीवर तेच इंजिन टाकी कोरडी होईपर्यंत धडधडायचे. हवेत गेले की एकविसावी फेरी. मित्र मोजायला लागले, “एकोणीस... वीस...” आणि इंजिनाने दगा दिला की टाळ्या वाजवायला लागले. मी मनाशी ठरवले की इंजिनच खोटे आहे. नवे घ्यावे लागणार.

इथे आमच्या वडिलांविषयी सांगायला हवे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ते महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याकडे नोकरीला होते. टाक्या, नळ, झडपा आणि मीटर हेच त्यांचे आयुष्य. मुळातच कमी बोलणारे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी अण्णा डबा न घेता घराबाहेर पडले ते तिसऱ्या दिवशी चिखलाने माखून परत आले. शहराला पाणी देणारा साठाच वाहून गेला होता. जुन्या विहिरींकडे आणि हौदांकडे लोकांची पावले पुन्हा वळली. अण्णा महिनोन् महिने रात्री-बेरात्री घरी येत. त्या दिवसांत त्यांनी काय पाहिले हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. आधीच थोडे होते ते बोलणे आणखी आटले. माझ्या विमानाकडे त्यांनी कधी वळून पाहिले नव्हते. ‘अभ्यास सांभाळून’ एवढे दोन शब्द, तेही आईकरवी.

श्रावणात माझ्या चकचकीत टाकीला नळीच्या मुळाशी गळती लागली. पत्रेवाल्याकडे जायला पैसे नव्हते. एका कल्हईवाल्याकडून मी जुना खय्या मागून आणला, नवसागर आणला, डाखाची कांडी आणली आणि दुपारी वाड्याच्या मागच्या गॅलरीत शेगडी पेटवली. टाकी रिकामी केली होती. आठ दिवस ती भरलीही नव्हती. धाकट्या भावाला म्हणालो, “पकडीत धर, हलवू नकोस.” तो तेव्हा दहा वर्षांचा. दादा सांगेल ती पूर्व.

लाल झालेला खय्या मी नळीच्या मुळाशी टेकवला. ‘भप्प’ असा एक आवाज झाला. फार मोठा नव्हता, उशी आपटल्यासारखा. निळसर जाळाची एक जीभ नळीतून बाहेर आली आणि गेली. माझ्या भुवया गेल्या. भावाच्या हातातून पकड सुटली, आणि क्षणभर तो रडलासुद्धा नाही. मग त्याने आपल्या हाताकडे पाहिले.

उजव्या हाताची मागची बाजू भाजली होती. आईने तो हात पाण्याच्या घंगाळात धरला, डॉक्टर आले, पट्टी झाली. पंधरा दिवसांत जखम भरली. डाग मात्र आहे. आज तो सत्तरीचा आहे, आणि कुठेही चहाचा कप उचलला की तो डाग मला दिसतो. तो कधी काही म्हणत नाही. पण मला दिसतो.

संध्याकाळी अण्णा आले. मी भिंतीशी उभा होतो. मार बसेल अशी माझी खात्री होती, आणि खरे सांगायचे तर मला तो हवा होता. अण्णांनी भावाचा हात पाहिला, मग टाकी उचलून नाकाशी नेली.

“धुतली होतीस?”

“रिकामी होती.”

“भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट,” अण्णा म्हणाले. “तेल संपतं, वाफ राहते. गरम पाण्याने तीन वेळा धुवायची, आणि मग उन्हात ठेवायची. कळलं?”

आईचा संताप अजून उतरला नव्हता. “ते सगळं आधी नेऊन नदीत टाका!” ती म्हणाली.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नदीला दिलंय तेवढं पुरे झालं.” आणि ती टाकी त्यांनी आपल्या कपाटात ठेवून दिली.

चार दिवस तिचे नाव निघाले नाही. पाचव्या दिवशी श्रावणी सोमवार होता. देवघरात पिंडीवर अभिषेकपात्र टांगले होते. आई मधूनमधून त्यात पाणी घालत होती. अण्णा सोवळ्यातच मला म्हणाले, “बस इथे. बघ काय होतंय.” मी पाहत राहिलो. पात्र भरलेले असे तेव्हा धार लागे. पाणी उतरत जाई तसतशी धार तुटे आणि शेवटी थेंब थेंब पडे. जन्मभर पाहिलेली गोष्ट. पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

“तुझी टाकी तेच करते,” अण्णा म्हणाले. “भरलेली असताना इंजिनाला जास्त पाजते, उतरली की उपाशी ठेवते. तू सुई फिरवतोस ती कोणत्या पातळीला?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी माझी टाकी उघडपणे अभ्यासली होती, विमानही पाहिले होते. बहुधा मी कॉलेजात असताना.

“पण अर्धी टाकी शिल्लक असताना बंद पडतं, अण्णा.”

“तांब्यात पाणी घे आणि अंगणात चल.”

पाण्याने भरलेला तांब्या दोरीला बांधून गरगर फिरवला की पाणी सांडत नाही, हे प्रत्येक पोराला ठाऊक असते. मी फिरवला.

“पाणी कुठे आहे?”

“तांब्याच्या तळाशी.”

“आणि तळ कुठे आहे?”

मी बोलायला तोंड उघडले आणि थांबलो. तळ बाहेरच्या अंगाला होता, माझ्यापासून लांब. विमानही माझ्याभोवती असेच फिरत होते. टाकीतले इंधन खाली नव्हतेच. ते बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटत होते. पुढे कॉलेजात मी त्याचे गणित केले. चाळीस फुटांची तार आणि साडेतीन सेकंदांची फेरी, म्हणजे इंधनावर बाहेरच्या बाजूला त्याच्या वजनाच्या चौपट ओढ. माझी नळी होती तळाच्या मध्यावर. इंधन निम्म्यावर आले की तिचे तोंड उघडे पडे आणि इंजिनाला हवा मिळे. इंजिन बिचारे निर्दोष होते. मी त्याला तीन महिने शिव्या देत होतो.

त्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून ही टाकी केली. आधी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा साचा कापला, कारण कागद चुकला तर पैसे पडत नाहीत. मग बिस्किटांच्या डब्याचा पत्रा घेतला. टाकी चौकोनी नाही, पाचरीसारखी केली: आतल्या बाजूस रुंद, बाहेरच्या बाजूस निमुळती, म्हणजे शेवटचा थेंबही बाहेरच्या कोपऱ्यातच गोळा होईल. इंधनाच्या नळीचे तोंड त्याच कोपऱ्यात, आणि मागच्या अंगाला, कारण विमान पुढे झेपावते तेव्हा इंधन मागे सरते. नळ्या म्हणजे बॉलपेनच्या संपलेल्या पितळी रिफिली. शाई धुऊन काढायला मला दोन दिवस लागले आणि बोटे आठवडाभर निळी राहिली. टाकीत मावत होते तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे पंधरा सी. सी. मी म्हणालो, मोठी करू, जास्त वेळ उडेल. अण्णा म्हणाले, “जेवढी टाकी मोठी, तेवढी पातळी खाली-वर. इंजिनाला किती लागतं ते बघ, तुला किती हवंय ते नको.”

हवेची नळी बसवण्यात त्यांचे सगळे कसब होते. “टाकीला तीन वाटा लागतात,” ते म्हणत, “एक भरायची, एक काढायची आणि एक हवेची. तिसरी लोक विसरतात, आणि मग नळ का येत नाही म्हणून आमच्याकडे अर्ज करतात.” त्यांनी पाण्याने भरलेली बाटली बशीत उलटी धरून दाखवली. बशीतले पाणी बाटलीच्या तोंडाशी येऊन थांबते. थोडे काढले की बाटलीत एक बुडबुडा जातो आणि तेवढेच पाणी खाली येते. बाटली रिकामी होईपर्यंत बशीतली पातळी हलत नाही. तेच तत्त्व त्यांनी टाकीला लावले. हवेच्या नळीचे आतले टोक थेट इंधनाच्या नळीच्या शेजारी नेले आणि बाहेरचे टोक वाऱ्याच्या तोंडाला वळवले. भरायची नळी उड्डाणाआधी टोपी घालून बंद करायची. आता इंजिनाला टाकी भरलेली की उतरलेली हे कळणारच नाही. त्याला दिसणार ती फक्त ‘बशी’. फार वर्षांनी एका विदेशी मासिकात मी ही रचना वाचली. तिला ‘युनिफ्लो’ म्हणतात आणि कसरतीची विमाने उडवणारे ती आवर्जून वापरतात. अण्णांनी ते नाव कधी ऐकले नव्हते.

झाळकाम त्यांनी स्वतः केले. गॅलरीत, तीच शेगडी, तोच खय्या. शेजारी पाण्याची बादली, आणि भावाला हाताची पट्टी सुटलेली असूनही दहा हात दूर पायरीवर बसवलेले. सांध्यावर सांधा चढवून त्यांनी डाख असा वाहवला की रेघ ओढावी तशी रुपेरी कड उठली. मग नळ्या बोटांनी बंद करून आणि एकीतून फुंकून टाकी बादलीत बुडवली. एका कोपऱ्यातून मोहरीएवढा बुडबुडा आला. अण्णांनी टाकी बाहेर काढली, वाळवली आणि पुन्हा डाख दिला. पुन्हा बुडबुडा. पुन्हा डाख. मी म्हणालो, “एवढा बारीक चालेल, अण्णा.”

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “बारीकच असतो आधी.”

एवढेच. पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर, दोन वर्षांपूर्वी ते कुठून परत आले होते हे मला पहिल्यांदा थोडेसे समजले. चौथ्या खेपेस बुडबुडा आला नाही. आम्ही टाकी विमानावर बसवली. तिचा मध्य इंजिनाच्या जेटच्या बरोबर पातळीत हवा, म्हणून अण्णांनी ऑफिसातली पाणसळ आणली. ती पाणसळ माझ्या विमानाच्या अर्धी होती.

दिवाळीच्या सुटीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी विमान मैदानावर नेले. भावाने ते धरले. त्यानेच धरायचे असा त्याचा हट्ट होता. मित्र मोजायला सज्ज होतेच. एकोणीस, वीस, एकवीस... बावीस. टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे गप्प झाले. तीस. चाळीस. इंजिनाचा सूर पहिल्या फेरीला होता तोच, न चढता, न उतरता. त्यानंतर मोजायचे कोणाला सुचले नाही आणि मला तर कशाचेच भान नव्हते. टाकी कोरडी झाल्यावर इंजिन शांतपणे थांबले, विमान घरंगळत उतरले आणि मी गवतावर बसलो. आकाश बराच वेळ फिरत होते.

रात्री जेवताना मी आईला सगळे सांगत होतो. किती फेऱ्या झाल्या, हे मात्र सांगता येईना. “पन्नास तरी असतील,” मी म्हणालो.

अण्णा ताटातून मान वर न काढता म्हणाले, “अठ्ठावन्न.”

मैदानाच्या कुंपणाबाहेर, सायकलला टेकून, ते कामावर जाता जाता उभे राहिले होते. त्यांना यायला किती उशीर झाला असेल, हे मी विचारले नाही. त्यांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

हे सगळे मी नातवाला सांगितले तेव्हा तो टाकी हातात घेऊन बसला होता. त्याने विचारले, “हे इंजिन आता चालेल?” डब्यात इंजिनही होते. साठ वर्षांत आतले एरंडेल डिंकासारखे घट्ट झाले होते. गरम पाण्याने बाहेरून शेकवले, थोडे रॉकेल सोडले आणि दोन दिवसांनी दट्ट्या हलला. पंखा फिरवल्यावर ‘चप’ असा दाबाचा आवाज आला आणि माझ्या छातीतही काहीतरी हलले. पण ईथर आज सहजासहजी कोणी देत नाही, आणि दिलेही तरी बारा वर्षांच्या पोराजवळ मी ते ठेवणार नाही. जगात अजूनही डिझेलवर उडणारी दोरीची विमाने स्पर्धांत उतरतात. अडीच सी. सी.चे इंजिन, शंभर फेऱ्यांची दहा किलोमीटरची शर्यत, आणि नियमाने टाकी फक्त सात सी. सी.ची, म्हणजे मध्येच उतरून इंधन भरावे लागते. आता तयार प्लास्टिकच्या टाक्या मिळतात. आत लवचीक नळी आणि तिच्या टोकाला वजन, म्हणजे विमान उलटे झाले तरी नळी इंधनामागे जाते. नळी मात्र आजही पारखून घ्यावी लागते. सिलिकोनची नळी मेथॅनॉलच्या इंधनाला चालते, पण आमच्या रॉकेलात फुगते. वॉलट्यूबने शिकवलेला धडा अजून जुना झालेला नाही.

“उडणार नसेल तर निदान गळते का ते बघू,” नातू म्हणाला.

आम्ही बादली आणली. अण्णांनी केले तसेच मी नळ्यांवर बोटे ठेवली आणि फुंकले. त्याच कोपऱ्यातून एक बुडबुडा आला. मोहरीएवढा.

आता मी अडलो. दुरुस्त करायचे म्हणजे तिथला डाख वितळवायचा. तो डाख अण्णांच्या हातचा. त्यांच्या हातचे माझ्याजवळ फारसे काही उरलेले नाही: एक सही, दोन पत्रे आणि ही टाकी. ते जाऊन आता चाळीस वर्षे झाली. सौ. दारात उभी होती. माझ्या मनातले तिला कळले असावे. ती म्हणाली, “असू दे तशीच. कपाटात ठेवू. मोडीत नाही देत.”

खटला मी जिंकला होता. पण टाकी कपाटात ठेवावी असे मला वाटेना. अण्णांनी तीन वेळा डाख दिला होता तो कपाटासाठी नव्हे. गळती आहे हे कळूनही ती तशीच ठेवणे त्यांना पटले नसते.

मी नातवाला म्हणालो, “पाणी तापव.”

“साठ वर्षं कोरडी आहे ना, आजोबा?”

“तरीसुद्धा. तीन वेळा.”

तीन वेळा गरम पाण्याने धुतली, दोन दिवस दिवाळीच्या उन्हात ठेवली. विजेचा खय्या शेजारच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडून आणला. कोपरा पॉलिश-कागदाने घासून चमकवला. टाकी मी पकडीत धरली. खय्या नातवाच्या हातात दिला. कोणाच्या हातात काय द्यायचे, एवढे मी शिकलो आहे. त्याचा हात थरथरत होता. जुना डाख क्षणभर करडा राहिला, मग एकदम आरशासारखा लकाकला आणि नव्यात मिसळून गेला. कुठून कुठपर्यंत कोणाचा, हे आता सांगता येणार नाही.

पहिल्या खेपेला बुडबुडा आला. नातू म्हणाला, “एवढा बारीक चालेल ना?”

मी काहीच बोललो नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि खय्या पुन्हा तापत ठेवला.

दुसऱ्या खेपेस पाणी स्वस्थ राहिले. रात्री टाकीत तीन चमचे रॉकेल भरून, नळ्यांना टोप्या घालून, आम्ही ती एका कोऱ्या कागदावर ठेवली. देवघरापासून आणि पणत्यांपासून लांब, गॅलरीत. सकाळी मी जागा झालो तेव्हा नातू माझ्याआधी उठून गॅलरीत उकिडवा बसला होता. त्याने कागद उचलून उजेडासमोर धरला होता.

“कोरडा आहे,” तो म्हणाला.

मी भावाला फोन करायला गेलो.